खुर्ची तिरपी करणाऱ्या मॅडम

कोणत्याही खोलीत शिरल्या की त्या आधी खुर्ची तिरपी करायच्या. नमस्कार-चमत्कार त्यानंतर. समोरासमोर मांडलेल्या दोन खुर्च्या त्यांना बघवत नसत. एक खुर्ची किंचित उचलायच्या, फरशीवर घासल्याचा आवाज होऊ द्यायच्या नाहीत, आणि अशी वळवून ठेवायच्या की बसणाऱ्या दोघांची नजर एकाच दिशेला जावी. खिडकीकडे, नाहीतर दाराकडे. मग बसायच्या आणि म्हणायच्या, "हं. आता बरं."

माझ्याकडे वरची खोली भाड्याने बघायला आल्या तेव्हाही त्यांनी हेच केलं. तुम्हा दोघा नातवंडांना माझी बैठकीची खोली ठाऊक आहे. तिथे फुलदाणी बोटभर सरकली तरी मला कळतं. मी चहा घेऊन बाहेर आले तर माझी वेताची खुर्ची अंगणातल्या पेरूकडे तोंड करून बसलेली. माझ्या चेहऱ्यावर नाराजी दिसली असावी.

"माफ करा हं बाई," त्या घाईघाईने म्हणाल्या. "सवय लागली आहे. जाताना सरळ करून जाते."

आणि खरंच केली. फरशीच्या रेघेला रेघ लावून. खोली यांनाच द्यायची हे मी तिथेच ठरवलं.

मागच्या रविवारी अनया, तू फोनवर विचारलंस, "आजी, तुमच्या गावात मुलांना लोकांसमोर बोलायची खूप भीती वाटली तर ती कुणाकडे जातात?" तुझ्या शाळेत त्यासाठी वेगळी खोली आहे, मऊ गालिचा आहे, वेळ ठरवून भेटता येतं, असं तू सांगत होतीस. मी म्हटलं, "आमच्याकडेही होत्या एक," आणि तेवढ्यात फोन कट झाला. म्हणून हे लिहिते आहे. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. आपल्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या आहेत हे कळलं तरी त्यांना घाम फुटेल.

वयाने पस्तिशीच्या, अंगाने बारीक, डोक्यावरची ओढणी सारखी घसरायची आणि त्या सारखी सावरायच्या. मूळच्या बुलढाण्याजवळच्या धाड गावच्या. वडिलांचं तिथे कापडाचं छोटं दुकान. घरात हिंदी-उर्दू, शाळा मराठी, मानसशास्त्र शिकल्या औरंगाबादेत. मग एका संस्थेत लागल्या आणि संस्थेने त्यांना आमच्या जळगाव जामोदला पाठवलं. इथल्या शाळेत आणि संग्रामपूरकडच्या दोन शाळांत जायचं आणि अबोल, घाबरट, कोपऱ्यात बसणाऱ्या मुलांना मदत करायची, असं त्यांचं काम. सकाळी डबा घेऊन एसटी स्टँडवर, संध्याकाळी परत. त्या "मला-तुला" म्हणायच्या, इकडची मुलं "मले-तुले". पहिले काही दिवस मुलं त्यांची नक्कल करायची. मग त्याच अधूनमधून "मले" म्हणायला लागल्या.

आमच्या शाळेने त्यांना बसायला जागा दिली ती खेळाच्या सामानाची खोली. लेझीम, डंबेल्स, फाटकी व्हॉलीबॉलची जाळी, भिंतीला टेकवलेल्या कवायतीच्या काठ्या. मुख्याध्यापक माझाच जुना विद्यार्थी. मी त्याला रागावले, "अरे, माणसाला बसवायची जागा आहे का ही?"

मॅडम म्हणाल्या, "राहू द्या बाई. फार चांगली खोली आहे. इथे येणाऱ्या पोराला कुणी विचारलं कुठे चाललास, तर तो सांगेल, लेझीम आणायला."

तेव्हापासून शाळेत त्यांचं नाव खेळाच्या मॅडम. कुणाला काय झालं आहे, कोण कशासाठी जातं, हा प्रश्नच उरला नाही.

त्यांच्याकडे येणारी मुलं तुम्ही वर्गात पाहिली असती तर तुम्हाला वेगळी वाटली नसती. आम्ही शिक्षक तर त्यांना शहाणी मुलं म्हणायचो. एक मुलगा चारचौघांत डबा उघडायचा नाही, तसाच घरी न्यायचा. एका मुलाला तोंडी परीक्षेच्या सकाळी हमखास उलटी. एक मुलगी बाथरूमला जाऊ का हे विचारायला नको म्हणून दिवसभर पाणी प्यायची नाही. ही नुसती लाज नव्हे, हे त्यांनी मला समजावलं. "लाजणारं मूल थोड्या वेळाने खेळायला लागतं बाई. या मुलांना वाटतं, सगळं जग आपल्याकडेच बघतंय आणि आता हसणार. ते हसू त्यांना आधीच ऐकू येतं."

मग त्यासाठी काय करायचं? तर त्यांचे उपाय ऐकून मला आधी हसू यायचं.

एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी त्या जिन्यावरून उतरल्या तर एका पायात काळी चप्पल, दुसऱ्यात तपकिरी. मी हाक मारून सांगितलं. "माहीत आहे," म्हणाल्या, आणि तशाच निघाल्या. बरोबर त्यांच्याकडची तीन-चार मुलं. मुलांचं काम एवढंच, की मॅडमच्या पायांकडे कोण बघतं ते बघायचं. भाजीवाल्यांची रांग झाली, बांगड्यांची दुकानं झाली, भेळवाला झाला. कुणी बघितलं नाही. शेवटी चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी हटकलं.

"मॅडम, जोडी बदलली पाहा तुमची."

"मग हसलात काऊन नाही?" मॅडमनी विचारलं.

"हसून काय करू? मी तं चपलेचा अंगठा तुटला का ते पाहून राह्यलो."

मुलं पोट धरून हसली. उलटी होणाऱ्या मुलाने विचारलं, "म्हणजे मॅडम, लोकं आपल्याले पाहतच नाहीत?"

"पाहतात रे," त्या म्हणाल्या. "पण त्यांना वांगी पण घ्यायची असतात ना."

आणि ही बाई स्वतः कशी होती सांगू? त्यांनाच फोन करायची भीती. बुलढाण्याच्या ऑफिसला एक फोन करायचा असला की माझ्या डोक्यावर गच्चीत पावलं वाजायला लागायची. इकडून तिकडे, तिकडून इकडे. माझा वरणभाताचा कुकर होऊन जायचा तरी फोन लागलेला नसायचा. मी एकदा विचारलं, "अहो, मुलांना तुम्हीच शिकवता ना?"

"म्हणून तर शिकवता येतं. लहानपणी मी दुकानात गिऱ्हाईक आलं की कापडाच्या ठाणांमागे लपायची. अब्बा म्हणायचे, आमच्या दुकानात उंदीर आहे एक." मग थोडं थांबून म्हणाल्या, "सगळं जात नाही बाई ते. त्याला बरोबर घेऊन चालायला शिकायचं."

आता कोमलबद्दल सांगते. तिच्याशिवाय या मॅडम पुऱ्या होणार नाहीत.

आपल्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे ना, तिथली ही मुलगी. गिरणी पुढे, घर मागे. मॅडम आल्या तेव्हा ती आठवीत गेली होती. घरात तिची टकळी चालू असायची. मी दळण घेऊन जायची तेव्हा आतून ऐकू यायचं, आईशी भांडण, मांजरीशी गप्पा, टीव्हीतल्या बायकांची नक्कल. पण ओटा ओलांडला की संपलं. शाळेत पहिलीपासून तिने कुणाशी एक शब्द बोललेला कुणी ऐकला नव्हता. हजेरीला "हजर" म्हणायची नाही. नवे शिक्षक आले की समोर बसलेल्या मुलीची गैरहजेरी मांडायचे, मग वर्ग ओरडायचा, "सर, ते हाये! ते बोलत नाही!"

तिच्या वडिलांनी मॅडमना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं. मी तिथे होते, बाजरीचा डबा घेऊन.

"पाहा मॅडम, घरी तं इचं तोंड बंद नसते. शाळेत काय होते कोणाले मालूम. लोकं मुकी म्हणतात पोट्टीले. उद्या सोयरीक कोण करीन? हे एक वर्ष पाहतो. नाही जमलं तं घरी बसवतो, गिरणी शिकवतो."

"मंग काय, मुकी म्हणून घेण्यापरीस घरी बरी," आई हळूच म्हणाली, पण म्हणताना तिने मॅडमकडे असं पाहिलं की मला वाटलं, ही बाई उलटंच मागते आहे.

मॅडमनी आश्वासन दिलं नाही. "एक वर्ष तर एक वर्ष," एवढंच म्हणाल्या.

त्या एका वर्षात जमवायचं होतं. मला वाटलं होतं, आता मॅडम कोमलला समोर बसवून काही विचारतील. त्यांनी तिला काहीच विचारलं नाही. शाळा सुटल्यावर खेळाच्या खोलीत कोमल आणि तिची आई, दोघींनीच सागरगोटे खेळायचे. मॅडम बाहेर, पटांगणाच्या टोकाला. आई बिचारी गिरणीवरून तशीच यायची, भुवयांवर पीठ. शाळेच्या भिंतींच्या आत कोमलचा आवाज निघाला तो असा, रिकाम्या शाळेत, आईपुढे. मग काही आठवड्यांनी मॅडम व्हरांड्यात. मग दाराबाहेर, पाठ फिरवून, काहीतरी विणत. मग दाराच्या आत. मुंगीच्या पावलाने. एखाद्या दिवशी त्या घाईने जवळ गेल्या तर कोमल गप्प व्हायची, मग दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा दाराबाहेर.

मला धीर नव्हता. "अहो, असं किती दिवस?" मी विचारायची.

"मांजर ओळखीचं करताना आपण काय करतो बाई? त्याच्यामागे धावतो का?"

दिवाळीनंतर एक दिवस त्या घरी आल्या त्या नेहमीपेक्षा मोठा आवाज करत. जिना दणादणा चढल्या, पुन्हा उतरल्या, माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. ओढणी पूर्ण खांद्यावर.

"काय झालं?"

"तिची आई खोटं खेळली. पडलेला सागरगोटा गुपचूप उचलला. आणि कोमल माझ्याकडे वळून म्हणाली," इथे त्यांचा आवाज फाटला, "म्हणाली, मॅडम, आई रडी खेळून राह्यली!"

मी पोळी उलटायची विसरले. ती जळली. आम्ही दोघींनी ती जळकी पोळी गुळाबरोबर खाल्ली.

त्यानंतर गोष्टी जरा वेगाने घडल्या. वर्गातली दीक्षा नावाची मैत्रीण त्या खेळात आली. मग मधल्या सुट्टीत दीक्षाच्या कानात कोमल बोलायला लागली. मग कानापासून थोडं लांबून. वर्गशिक्षकांना मॅडमनी सांगून ठेवलं होतं, हजेरी घेताना वहीतून मान वर करायची नाही, ती बोलली तरी नाही आणि न बोलली तरी नाही. आणि डिसेंबरात एका सकाळी वर्गात हळूच ऐकू आलं, "हजर." वर्गशिक्षकांनी मान वर केली नाही. पुढचं नाव घेतलं. त्या माणसाचं मला फार कौतुक वाटतं.

मॅडमनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना बजावलं होतं. "शाबासकी नको. टाळ्या नकोत. ती बोलली तर रोजच बोलते असं समजून पुढे जायचं. तिच्याकडे कुणी बघितलं नाही, हेच तिचं बक्षीस."

मुख्याध्यापक म्हणाला, "अगदी बरोबर, मॅडम. अगदी." आणि मनापासून म्हणाला. पण आपल्या लोकांचं काय आहे, कुणाचं काही चांगलं झालं की आपल्याला राहवत नाही. कुणी दहावीत पहिला आला, कुणी निवृत्त झाला, कुणाची बदली झाली, कुणाचं ऑपरेशन नीट पार पडलं, की शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ. आपल्या प्रेमाला दुसरी भाषाच येत नाही. आणि सत्कार झाला की ज्याचा सत्कार त्याने दोन शब्द बोलायचे.

स्नेहसंमेलन जानेवारीत झालं. मंडप, झालर, ढणढण स्पीकर. माजी शिक्षक म्हणून मी पुढच्या रांगेत. मॅडमना व्यासपीठावर बसवलं होतं, त्यांच्या डाव्या-उजव्या खुर्च्या अशा घट्ट दाबून लावलेल्या की बोटभर हलवायला जागा नाही. आधी त्यांचा सत्कार झाला. त्यांनी कशीबशी मान झुकवून शाल घेतली. मग मुख्याध्यापकाने माईक हातात घेतला आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलला.

"आणि आता एक सरप्राइज! जी आपली विद्यार्थिनी कधी एक शब्द बोलत नव्हती, आणि आज वर्गात बोलते, त्या आपल्या कोमलचा सत्कार! ये बेटा, वर ये!"

तुम्ही तिथे असता तर तुम्हीही टाळ्या वाजवल्या असत्या. सगळा मंडप वाजवत होता. तिची आई मागे बायकांमध्ये उभी होती, तीही आधी वाजवायला लागली होती. कोमल चालत वर गेली. कुणी हाताला धरून न्यावं तशी, पण हात कुणी धरला नव्हता. तिच्या एका हातात नारळ दिला, दुसऱ्यात फुलं.

मॅडम उठल्या. त्या मुख्याध्यापकाच्या कानाशी गेल्या. काय म्हणत होत्या ते त्यांच्या ओठांवरून मला कळत होतं. "नको सर. सर, तिला जाऊ द्या."

मुख्याध्यापक हसला. माईकवर म्हणाला, "मॅडम नको नको म्हणून राह्यल्या! पण हा मॅडमचा विनय आहे!" पुन्हा टाळ्या. आपल्याकडे सत्काराला प्रत्येक माणूस नको नको म्हणतोच. त्याला दुसरं काही वाटण्याचं कारणच नव्हतं.

मग मॅडमनी हात पुढे करून माईकचं बटण बंद केलं. मुख्याध्यापकाने माईकवर टिचक्या मारल्या. "अबे, आवाज गेला पाह्य!" स्पीकरवाला खालून ओरडला, "बटन दाबा सर, बटन!" त्याने दाबलं. माईक कोमलच्या तोंडापुढे धरला.

"दोन शब्द बोल बेटा. घाबरू नको. सगळे आपलेच हायेत."

मी उठले. काय करणार होते मलाही माहीत नाही. शेजारच्या शिक्षिकेला वाटलं मला बाथरूमला जायचं आहे. तिने आदराने माझा दंड धरला आणि मला मंडपाबाहेर न्यायला लागली. मी म्हणते आहे, "अगं, सोड," आणि ती म्हणते, "हळू बाई, वायर आहे."

पोरांनी ताल धरला. "बोल कोमल! बोल कोमल!" त्यांच्यात दुष्टपणा नव्हता. क्रिकेटच्या मॅचला करतात तसं करत होती. दीक्षा तेवढी कानांवर हात ठेवून खाली बघत होती. कोमलचे ओठ उघडे होते. स्पीकरमधून तिचा श्वास ऐकू येत होता, सगळ्या मंडपाला. मग तिच्या हातातला नारळ सुटला, फळ्यांवरून गडगडत गेला, पायऱ्यांवरून एकेक उडी मारत खाली आला, आणि लोक हसले. घरंगळणाऱ्या नारळाला कुणीही हसेल. पण मॅडम ज्या हसण्याबद्दल मला सांगत असत, ते हेच.

मुख्याध्यापकाने सावरून घेतलं. "काही भावना शब्दांत येत नाहीत," तो म्हणाला, आणि पुढचं कोळीनृत्य सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी कोमल शाळेत आली नाही. त्यानंतर कधीच नाही.

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. संमेलनाहून घरी येऊन त्यांनी आपली शाल आणि नारळ माझ्या टेबलावर ठेवला. "हे तुम्ही ठेवा बाई." सकाळी गच्चीत पावलं वाजत राहिली. मुख्याध्यापकाला फोन करायचा होता. शेवटी फोन न करता त्या स्वतःच शाळेत गेल्या. काय बोलणं झालं ते मुख्याध्यापकानेच मला नंतर सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. "बाई, मी तं त्या पोरीचं कौतुकच केलं ना? कौतुकानं कोणी आजारी पडते काय?"

तो पुढच्या रविवारी दोन शिक्षकांना घेऊन माफी मागायला कोमलच्या घरी गेला. पेढे घेऊन. आणि सत्काराच्या फोटोला चांगली लाकडी फ्रेम करून.

मॅडमनी मात्र पहिल्या पायरीच्याही खालून पुन्हा सुरुवात केली. रोज शाळा सुटली की गिरणीवर. गव्हाच्या पोत्यावर बसायच्या, कोमलच्या आईशी इकडचं तिकडचं बोलायच्या. भाव काय, उन्हाळा किती, धाडला त्यांच्या आईच्या गुडघ्यांचं कसं चाललंय. कोमल आतल्या खोलीत, साडीच्या पडद्यामागे. तिच्याबद्दल एक अक्षर नाही. आता ती घरातही, बाहेरचं माणूस असलं की बोलत नव्हती. घरी येताना मॅडमच्या केसांवर पीठ असायचं. मी विचारायची, "आज काही?" त्या मान हलवायच्या. एकदा म्हणाल्या, "आज उंबऱ्यावर पाण्याचा पेला ठेवलेला होता. कुणी ठेवला कळलं नाही. मी प्यायले." त्या एका पेल्यावर आम्ही आठवडा काढला.

मार्चमध्ये संस्थेचा निरोप आला की प्रकल्पाचे पैसे संपले, महिनाअखेर काम आवरा. मॅडमनी फोन केला. या वेळी गच्चीत पावलं वाजली नाहीत, सरळ लावला. मी जिन्याखालून ऐकत होते. सहा महिने द्या म्हणाल्या, तीन द्या म्हणाल्या, एकाच शाळेसाठी द्या म्हणाल्या. पलीकडचा माणूस फार सभ्य होता, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नव्हतं.

मी म्हटलं, "भाडं देऊ नका. राहा."

"भाड्याचं नाही हो बाई. अब्बांना आता नीट दिसत नाही. कापड मोजताना चुकतात. दुकान कुणीतरी पाहायला हवं." मग हसल्या. "उंदीर गल्ल्यावर बसणार आता."

कोमलच्या वडिलांनी त्यांना हात जोडले. "तुमचे लय उपकार हायेत मॅडम. पण आता पुरे. तिले अजून त्रास नको." वर्ष संपलं होतं, आणि त्यांनी शब्द पाळला होता. त्यांच्यावर कशाचा राग करायचा?

आता नववीचा वर्ग कोमलशिवाय सुरू झाला आहे. मुख्याध्यापकाने तिचं नाव पटावरून काढलेलं नाही. "येईल बाई," तो म्हणतो. मी गरज नसली तरी दळण घेऊन जाते. मॅडमनी जाताना मला तेवढंच सांगितलं होतं, की जात राहा आणि काही विचारू नका. गिरणीचा ओटा चढताना आतून कोमलचा आवाज येत असतो, मांजरीला काहीतरी सांगणारा. माझी काठी वाजली की तो बंद होतो. आपल्या येण्याने एक आवाज बंद होतो, हे काही सुखाचं नाही. पण मी जाते. धाडहून मॅडमचा मेसेज येतो, "दळण झालं का बाई?" मी लिहिते, "झालं." त्यावर त्यांचं काही येत नाही.

अनया, तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पण एक संध्याकाळ राहिली. ती सांगते.

धाडला जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गिरणीवर गेले. गिऱ्हाईक नव्हतं, डबे रिकामे करून पालथे घातलेले. कोमलचे वडील गिरणीचा पट्टा पुसत होते, आई चहा गाळत होती. पडद्याच्या खाली दोन पावलं दिसत होती, अंगठ्याने फरशी खरवडणारी. चहा झाला. सकाळच्या बसचं बोलणं झालं. बोलायचं काही उरलं नाही, तरी मॅडम उठेनात.

मग त्या म्हणाल्या, "कोमल."

आईच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. इतक्या दिवसांत या बाईने पडद्याकडे पाहून हाक मारली नव्हती.

"कोमल, मी उद्या जाते बेटा. परत कधी येणं होईल माहीत नाही. मला एकदा... एकच शब्द. काहीही."

पावलं हलायची थांबली. आम्ही चौघं वाट बघत होतो. गल्लीतून एक मोटारसायकल गेली, तिचा आवाज दूर जाऊन विरला. पडद्यामागून काहीच आलं नाही. मग ती पावलंही दिसेनाशी झाली.

"नाही, नाही," मॅडम पटकन म्हणाल्या. "माझं चुकलं. मी विचारायला नको होतं. तुझं काही चुकलं नाही बेटा, ऐकतेस ना? तुझं काहीच..."

"पुरे, मॅडम," म्हणत कोमलच्या वडिलांनी हात लांबवून गिरणीचं बटण दाबलं. वर धान्य ओतायच्या पेटीत एक दाणा नव्हता. रिकामी गिरणी फिरवली की दगडावर दगड घासतो आणि जाते गिरणी कामातून, हे त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहीत. सगळी पत्र्याची शेड थरथरायला लागली. त्यांनी आमच्याकडे पाठ केली, दोन्ही हात पेटीच्या कडेवर ठेवले, आणि गिरणी तशीच चालू ठेवली. मॅडम पोत्यावरून उठल्या, पडद्याकडे बघून काहीतरी बोलल्या. ते कुणालाच ऐकू आलं नाही.